साप उंदराला तोंड लावत नाही? आधी उंदीर तपासा

माझा बॉल पायथन (अजगराची एक छोटी जात) नर आहे, नऊ वर्षांचा. न्यू जर्सीत थंडी पडली की त्याचं जेवण बंद. एका वर्षी दिवाळीनंतर सोडलेलं जेवण त्यानं मार्चमध्ये परत धरलं. तेवढ्या काळात वजन १३४० ग्रॅमवरून १२९० वर आलं, बस्स. माझं त्याहून जास्त उतरलं असेल.

म्हणून पहिलं काम वजनाचं. डिजिटल काटा, त्यावर झाकणाचा डबा, आठवड्यातून एकदा, आकडा वहीत. धडधाकट प्रौढ बॉल पायथन महिनोन् महिने उपाशी राहू शकतो. नर तर हिवाळ्यात बरेचदा राहतात. पण वजन दहा टक्के उतरलं, श्वासाला घरघर लागली किंवा तोंडातून बुडबुडे आले तर वाचत बसू नका, सरपटणारे प्राणी बघणारा डॉक्टर गाठा. पिल्लू असेल तर त्याआधीच.

मग टाकी, म्हणजे साप राहतो ती काचेची पेटी. उबदार बाजूला ३१ ते ३३ अंश, थंड बाजूला २५-२६, हवेत ६० टक्के ओल, दोन्ही टोकांना अंग घासेल इतकी अरुंद लपायची जागा. काचेला चिकटवायच्या तबकडीच्या तापमापकावर विश्वास ठेवू नका. डोळे दुधाळ निळसर झालेत? कात टाकेपर्यंत थांबा.

आता खरी भानगड. गोठवलेला उंदीर गरम करणं.

पहिल्या वर्षी मी उकळत्या पाण्यात टाकला. पोट शिजलं आणि चिमट्यानं उचलताच फुटलं. तो वास दोन दिवस स्वयंपाकघरात होता आणि बायकोनं त्या चिमट्याला घरात जागा राहणार नाही असं सांगितलं. पुढच्या खेपेला घाई केली, तर बाहेरून कोमट आणि आत बर्फाचा खडा. सापानं जीभ दोनदा फिरवली आणि तोंड वळवलं. मी मात्र महिनाभर 'हा नखरे करतोय' म्हणत राहिलो.

नखरे नव्हते. बॉल पायथनच्या वरच्या ओठावर उष्णता जाणवणारे खळगे असतात. अंधारात त्याला ऊब 'दिसते'. थंड उंदीर त्याच्या लेखी उंदीर नाहीच. तेव्हा आदल्या रात्री उंदीर फ्रीजच्या खालच्या खणात ठेवा. दुसऱ्या दिवशी संध्याकाळी बंद पिशवीत घालून, हाताला जेमतेम सोसेल अशा पाण्यात वीस मिनिटं. मध्ये पाणी बदला. पोट अंगठ्यानं दाबून बघा, आत काही टणक लागलं तर परत पाण्यात. मग कागदानं कोरडा करा, ओला उंदीर माझा साप हुंगतही नाही. शेवटी फक्त डोक्यावर हेअर ड्रायर, अर्धा मिनिट. डोकं ३८-४० अंश हवं, बाकीच्या अंगापेक्षा गरम. आणि लगेच टाकीकडे, कारण ही ऊब दोन-तीन मिनिटंच टिकते.

खोलीतला दिवा मालवा. उंदीर लपायच्या जागेसमोरून हळू न्या, किंचित हलवा, थांबा. नाकावर आपटू नका. भेदरला की डोकं आत घालून चेंडू होतो, नावच त्यावरून पडलंय. पंधरा मिनिटांत घेतला नाही तर लपायच्या जागेच्या दारात ठेवून निघून जा, सकाळी उचला.

पुढचा प्रयत्न दहा दिवसांनी. रोज नको, एक दिवसाआडही नको. मधल्या काळात हाताळणं बंद.

'जिवंत सोड, लगेच खाईल' हा सल्ला मला सगळ्यात जास्त मिळाला आणि तो सगळ्यात वाईट आहे. भूक नसलेला साप पळत नाही, कोपऱ्यातला उंदीर मात्र चावतो, आणि खोल चावतो. जबरदस्तीनं भरवायचा विचारही करू नका, ते डॉक्टरचं काम. आमच्या आत्यानं सांगलीहून फोनवर दूध सुचवलं. साप दूध पचवू शकत नाही, हे तिला मी दर नागपंचमीला सांगतो. (तिकडे कुणाला हौस आली असेल तर: धामण असो की अजगर, भारतात देशी साप घरी पाळायला १९७२ च्या वन्यजीव कायद्यानं बंदी आहे.)

खाल्लाच, तर दोन दिवस हात लावू नका, नाहीतर ओकून टाकेल. नाही खाल्ला, तर तो उंदीर परत फ्रीझरमध्ये टाकू नका. आमच्याकडे कचऱ्याची गाडी मंगळवारी येते, म्हणून मी जेवण रविवारी रात्री देतो.