बांटू भाषांचं वर्गीकरण वाचताय? या चुका टाळा

बांटू भाषांबद्दल, म्हणजे आफ्रिकेच्या मध्य, पूर्व आणि दक्षिण भागातल्या एका मोठ्या भाषाकुळाबद्दल, नव्याने वाचायला लागलेले लोक दरवेळी त्याच खड्ड्यात पडतात आणि तेच तेच सांगून मी थकलेय, म्हणून एकदाच लिहून ठेवते.

सगळ्यात मोठी चूक म्हणजे गथ्रीचे कोड बघून वंशवृक्ष काढणं. माल्कम गथ्री या ब्रिटिश भाषाशास्त्रज्ञाने १९६७ ते १९७१ मधल्या त्याच्या मोठ्या कामात या भाषा १५ झोनमध्ये, म्हणजे भौगोलिक विभागांत, वाटल्या, ए पासून एस पर्यंत. स्वाहिली जी४२, झुलू एस४२, किकुयू ई५१ वगैरे. हे कोड म्हणजे पिनकोड आहेत, त्यातून शेजार कळतो, भावकी कळत नाही. मागे एका विद्यार्थ्याने चार्ट करून आणला, थेट फ्लेक्सवर छापलेला, एक झोन म्हणजे झाडाची एक फांदी, त्यामुळे किन्यारवांडा डी च्या फांदीवर आणि लुगांडा ई च्या, पार दुसऱ्या टोकाला! अरे, या दोन्ही पूर्व आफ्रिकेतल्या ग्रेट लेक्स, म्हणजे मोठ्या सरोवरांच्या, भागातल्या, एकाच गोतावळ्यातल्या. नंतर बेल्जियममधल्या टर्वुरेनच्या अभ्यासकांनी डी आणि ई मधून अशा भाषा काढून ‘जे’ (J) नावाचा वेगळा झोन केला तो त्यासाठीच, म्हणून आता जेडी६१ आणि जेई१५ असे कोड दिसतात. वर त्याने विचारलं की आय, ओ, क्यू झोनच्या भाषा नामशेष झाल्या का. ती अक्षरं गथ्रीने वापरलीच नाहीत! फ्लेक्स फुकट गेला, दोन संध्याकाळी बसून सगळं पेन्सिलने परत काढलं. नकाशा लगेच डाउनलोड करायचा आणि प्रस्तावना वाचायची नाही, ही घाई मला अजिबात पटत नाही.

माझी सवय सांगते. मी आधी वहीत शब्दांचे रकाने पाडते. शिंग म्हणजे स्वाहिलीत पेंबे, किन्यारवांडात इहेंबे. देणे म्हणजे पा आणि हा. जागेचा उपसर्गसुद्धा पा आणि हा. प चा ह असा नियमाने होताना दिसला की मग पुढचं बघायचं. पण एवढ्यावरही उडी मारू नका, कारण किकुयूतही प चा ह झालाय आणि असा बदल दोन ठिकाणी आपापला होऊ शकतो. असे बरेच बदल एकत्र जुळले तरच जवळचं नातं म्हणा.

याच्याच उलटी चूक म्हणजे झुलूत उमुंटू, स्वाहिलीत म्टू, शोनात मुन्हू, म्हणजे या सख्ख्या बहिणी. नाही हो, हा माणूसवाचक शब्द मूळ बांटूतूनच सगळीकडे आलाय, त्यावरून घराणं कळतं, घर नाही.

स्वाहिलीत अरबी शब्द भरपूर म्हणून ती मिश्रभाषा, हेही सोडा. किताब तिथे किटाबू झाला आणि त्याचं अनेकवचन विटाबू, कारण कि-वि या बांटू नामवर्गात, म्हणजे एकवचनी कि आणि अनेकवचनी वि उपसर्ग घेणाऱ्या नामांच्या गटात, तो शब्द चपखल बसला. व्याकरण बघा. आणि तुलनेला सिटा, साबा, टिसा म्हणजे सहा, सात, नऊ घेऊ नका, ते अरबी आहेत.

झुलू, खोसातले क्लिक ध्वनी, म्हणजे जिभेने काढलेले टकटक आवाज, खोइसान भाषा बोलणाऱ्या शेजाऱ्यांकडून आलेत, बांटूचे नाहीत.

मासाई आणि लुओ केनियात बोलतात, पण त्या निलोटिक, म्हणजे बांटूहून वेगळ्याच कुळातल्या.

आणि भाषांची यादी करताना झुलू आणि इसिझुलू अशा दोन भाषा मोजू नका, इसि हा उपसर्ग आहे, तसाच किस्वाहिलीतला कि.