कुत्र्याला दिवसा घरी एकटे ठेवण्यापूर्वी

घरातील सर्वजण कामावर जाणार आणि कुत्रा मागे एकटा राहणार असे ठरले की बहुतेक घरांत तयारी सुरू होते ती आदल्या रात्री. वास्तविक ती दोन-तीन आठवडे आधी सुरू व्हायला हवी, कारण पाणी, खाणे आणि खेळणी यांची सोय एका संध्याकाळी होते, पण दार बंद झाल्यानंतरचा पहिला अर्धा तास शांतपणे काढायला कुत्र्याला शिकवावेच लागते.

सर्वांत आधी तासांचा हिशेब करावा. मोठ्या, निरोगी कुत्र्याला चार तास एकटे राहणे सहसा जड जात नाही. त्याहून अधिक वेळ जाणार असेल तर मध्ये कोणीतरी येऊन त्याला बाहेर फिरवून आणण्याची व्यवस्था निघण्यापूर्वीच पक्की करावी. पिल्लाच्या बाबतीत जितके महिने वय तितके तास लघवी रोखता येते असा ढोबळ आडाखा आहे, म्हणजे तीन महिन्यांच्या पिल्लाकडून तीन तासांपेक्षा जास्त अपेक्षा ठेवणे हा त्याच्यावर अन्याय आहे. म्हाताऱ्या किंवा आजारी कुत्र्याबद्दल पशुवैद्यांना विचारूनच ठरवावे.

सवय लावताना प्रथम दोन मिनिटांसाठी बाहेर जाऊन परत यावे, मग पाच, मग दहा, आणि कुत्रा स्वस्थ राहतो आहे असे दिसल्यावरच वेळ वाढवावा. किल्ल्यांचा आवाज झाला किंवा आपण बूट घालायला बसलो की तो उठून दाराशी येतो, कान मागे घेतो, आपल्या प्रत्येक हालचालीवर डोळे लावून बसतो. ही खूण पुसण्यासाठी दिवसातून काही वेळा उगीचच किल्ल्या उचलाव्यात, बूट घालावेत आणि घरातच बसून राहावे. जाताना गळ्यात पडून निरोप घेऊ नये. मन वळत नाही हे मला मान्य आहे, परंतु आपल्या आवाजातील कातरपणा त्याला लगेच कळतो आणि तो अधिकच अस्वस्थ होतो.

घराची पाहणी त्याच्या उंचीवरून, म्हणजे शब्दशः जमिनीवर बसून करावी. तिथून लोंबणाऱ्या वायरी, सोफ्याखाली गेलेली औषधाची गोळी, दाराआडची कचऱ्याची बादली दिसते. चॉकलेट, द्राक्षे, मनुका, कांदा, लसूण आणि झायलिटॉल (साखरेऐवजी वापरला जाणारा गोड पदार्थ) घातलेले च्युइंगगम हे सारे कुत्र्याला विषारी आहे. माणसांची वेदनाशामके तर थोड्या प्रमाणातही घातक ठरू शकतात. खाऊची रिकामी पाकिटे वरकरणी निरुपद्रवी वाटतात, पण त्यात तोंड घालताना डोके अडकले तर कुत्रा गुदमरतो, म्हणून कचऱ्याला घट्ट झाकण हवे. हाडे आणि तुकडे पडतील अशी खेळणी एकट्यापाशी ठेवू नयेत. पिंजऱ्यात राहणाऱ्या कुत्र्याचा गळपट्टा काढून ठेवावा, कारण तो गजांत अडकून फास बसू शकतो.

उष्णतेकडे विशेष लक्ष द्यावे. कुत्र्याला आपल्यासारखा अंगभर घाम येत नाही, तो मुख्यतः धापा टाकून शरीर थंड करतो, आणि बंद खोलीतील हवा तापली की तो उपायही अपुरा पडतो. चपट्या नाकाच्या जातींना हा धोका अधिक. सकाळी सावलीत असलेली जागा दुपारी उन्हात येते का, हे सुट्टीच्या दिवशी प्रत्यक्ष पाहून घ्यावे. पाणी दोन वेगवेगळ्या ठिकाणी, सहज कलंडणार नाही अशा जड भांड्यांत ठेवावे.

निघण्याच्या दिवशी सकाळी त्याला भरपूर फिरवावे, वाटेत मनसोक्त हुंगू द्यावे, घरी आल्यावर तो शांत झाला की मग खायला घालावे. निघताना आत खाऊ भरलेले रबरी खेळणे द्यावे. एक किल्ली शेजाऱ्यांकडे असावी आणि पशुवैद्यांचा दूरध्वनी क्रमांक त्यांना ठळक अक्षरांत लिहून द्यावा.

परत आल्यावर घरात काही सांडले किंवा फाटले असेल तर रागावू नये. तासांपूर्वीच्या कृत्याशी आपल्या रागाचा संबंध त्याला जोडता येत नाही. त्यापेक्षा खुणा पाहाव्यात. दाराच्या कडेवरचे ताजे ओरखडे, उंबऱ्याजवळ लाळेने ओली झालेली फरशी आणि शेजाऱ्यांनी ऐकलेले विव्हळणे यांपैकी काही आढळले, किंवा ते आवडते खाऊचे खेळणे सकाळी ठेवले तसेच न चाटलेले पडून असले आणि आपण आत येताच तो त्यावर तुटून पडला, तर एकटेपणा त्याला सोसलेला नाही असे समजावे, वेळ पुन्हा दहा मिनिटांवर आणावा आणि त्याच आठवड्यात पशुवैद्यांची भेट घ्यावी.