ल्युथरन पद्धतीने आजाऱ्याला तेल कसं लावायचं

आजाऱ्याला प्रार्थनेसोबत तेल लावायचं म्हटलं की बरेच जण घाबरतात, "शेवटचं आलंय का?" म्हणून. हाच गैरसमज आधी काढा. ज्याच्या नावावरून ल्युथरन हे नाव पडलं त्या जर्मन धर्मसुधारक मार्टिन ल्यूथरने 1520 मध्ये नेमकं यावरच बोट ठेवलं होतं, बायबलमधल्या याकोबाच्या पत्रात (5:14) कोणी आजारी असेल तर मंडळीतल्या वडीलधाऱ्या पुढाऱ्यांना बोलवा, प्रार्थना करा, तेल लावा असं लिहिलंय, म्हणजे माणूस बरा व्हावा म्हणून, आणि चर्चने ते फक्त मरणाऱ्यांसाठी करून टाकलं. तो याला संस्कार (म्हणजे ख्रिस्ताने स्वतः ठरवून दिलेला विधी) मानत नव्हता, पण विधी टाकाऊ आहे असंही म्हणाला नाही. म्हणून ल्युथरन मंडळीत बाप्तिस्मा आणि प्रभुभोजनाच्या रांगेत हे बसत नाही, तरी पाळक (मंडळीचे धर्मगुरू) आजही करतात, काही ठिकाणी तर रविवारच्या उपासनेतच.

ऑपरेशनच्या आदल्या दिवशी, दुखणं लांबलं की, मन खचलं की, तेव्हाच पाळकांना सांगा, उशीर करू नका प्लीज.

तेल साधं ऑलिव्हचं चालतं. छोट्या झाकणाच्या डबीत कापसाचा बोळा ठेवून त्यावर थोडंसं ओता, म्हणजे बेडवर सांडत नाही. ऑक्सिजन लावलेला असेल तर तेल त्याच्याजवळ अजिबात नेऊ नका, आधी नर्सला विचारा.

मग आजाऱ्याला विचारा, लावू का? नको म्हणाला तर नुसती प्रार्थना करा, काही कमी पडत नाही. हो म्हणाला तर आधी बायबलमधलं वचन वाचा, नावाने प्रार्थना करा, डोक्यावर हात ठेवा, जोरात दाबू नका, अशक्त माणसाला हाताचं वजनसुद्धा जाणवतं. मग अंगठा बोळ्यावर टेकवून कपाळावर क्रूस काढा, पिता, पुत्र आणि पवित्र आत्म्याच्या नावाने. बोलता येत नसलं तरी अंगठा टेकताच डोळे मिटून घेणारे लोक मी पाहिलेत, तेव्हा घाई करू नका, क्षणभर थांबा आणि मग सगळे मिळून प्रभूची प्रार्थना (येशूने शिकवलेली) म्हणा.

औषधं बंद करा असं चुकूनही सांगू नका, तेलात जादू नाही, भरवसा प्रभूच्या वचनावर आहे.

आणि हे एकदाच करायचं असंही नाही. बाप्तिस्मा एकदाच, पण तेल पुढच्या महिन्यात पुन्हा मागितलं तर पुन्हा लावायचं.