पुण्यातल्या टँकमध्ये कॅलोग्लोसा कसं वाढवायचं

कॅलोग्लोसा म्हणजे माशांच्या टँकमध्ये शोभेसाठी वाढवतात ते लाल शेवाळ. ते आणायच्या आधी टँकशेजारची ‘लिक्विड कार्बन’ची (टँकमधल्या वनस्पतींसाठी विकतात त्या द्रवाची) बाटली कपाटात ठेवून द्या. त्यातल्या ग्लुटरल्डिहाइडने काचेवरचं, लाकडावरचं ब्लॅक बिअर्ड हे नकोसं काळं शेवाळ मरतं. पण ब्लॅक बिअर्ड लाल शेवाळांच्या गटातलं, आणि कॅलोग्लोसाही त्याच गटातलं. एकाला मारणारं औषध दुसऱ्याला सोडत नाही. हायड्रोजन पेरॉक्साइड आणि तांबं असलेली माशांची औषधंही टाळा. टँकमध्ये ब्लॅक बिअर्ड असेल तर आधी त्याचा निकाल लावा, मगच हे आणा.

कॅलोग्लोसा बेक्कारी या जातीची पाती पातळ, जांभळट-तपकिरी असतात. मुळं नसल्यामुळे महागड्या मातीची गरज नाही, दगड किंवा लाकूड पुरे. आपल्याकडचा काळा पाषाण उत्तम. फक्त त्यात पांढऱ्या शिरा दिसल्या तर लिंबू पिळून पाहा. फेस आला तर तो कॅल्साइट आहे, पाणी जड करेल. दुसरा दगड घ्या.

नवा पुंजका आठवडाभर वेगळ्या भांड्यात ठेवा आणि गोगलगाईंची अंडी, हिरवे तंतू चिमट्याने काढा. ब्लीच किंवा पोटॅशियम परमँगनेटमध्ये बुडवू नका. मग छोटे तुकडे करा, दगड टिपून घ्या, सायनोअॅक्रिलेट जेलचा (सुपरग्लूचा) थेंब लावून तुकडा दाबा. गोंद ओलाव्यानेच धरतो, त्यामुळे लगेच पाण्यात सोडलं तरी चालतं.

नळाच्या पाण्यातलं क्लोरीन डीक्लोरिनेटरने काढा. सोसायटीत बोअरचं किंवा टँकरचं पाणी येत असेल तर क्षारता तपासून थोडं आरओचं मिसळा. उजेड मंद ते मध्यम, दिवसाला सहा ते आठ तास. जास्त दिलात तर पात्यांवर हिरवे तंतू चढतात आणि ते वेगळे करणं डोकेदुखीचं काम आहे. कार्बन डायऑक्साइड दिला तर वाढ बरी होते, नाही दिला तरी जगतं.

खरी परीक्षा एप्रिल-मेमध्ये. याला २० ते २६ अंश मानवतं आणि त्या दिवसांत खोलीच त्याच्या वर असते. पृष्ठभागावर छोटा पंखा लावा. पुण्याचा उन्हाळा कोरडा असल्यामुळे बाष्पीभवनाने पाणी दोन-तीन अंशांनी उतरतं. उडालेल्या पाण्याची भरपाई आरओच्या पाण्याने करा, कारण क्षार मागेच राहतात आणि नळाच्या पाण्याने ते वाढत जातात. पावसाळ्यात हवा दमट असते, तेव्हा पंखा फारसा उपयोगी नाही, पण तेव्हा त्याची गरजही कमीच पडते.

पात्यांत गाळ अडकतो. पाणी बदलताना ड्रॉपरने हलकेच फुंकर मारून तो उडवा. वाढ अतिशय हळू असते. महिनाभर काहीच हललं नाही म्हणून खतं वाढवू नका. चेरी श्रिंप या छोट्या कोळंब्या खुशाल ठेवा, त्या गाळ वेचतात. सायामीज अल्गी ईटर हा मासा मात्र नको. तो लाल शेवाळ आवडीने खातो, आणि तुमचं महागाचं कॅलोग्लोसा त्याला वेगळं ओळखू येणार नाही.