टॅकी, ब्रॅडी, हायपो, हायपर... कॅज्युअल्टीत नवीन असाल तर ही भाषा कशी पकडायची

ईएमटीचा (इमर्जन्सी मेडिकल टेक्निशियन) कोर्स करताय, नर्सिंगला आहात, नाहीतर १०८ वर नवीन लागलाय, कुणीही असा, पहिल्या आठवड्यात सगळ्यांचं सारखंच होतं. सिनियर फोनवर भराभर बोलत असतो, "अठ्ठावन्न मेल, केसीओ डीएम एचटीएन, चेस्ट पेन विथ स्वेटिंग एक तासापासून, ब्रॅडी आहे, हायपोटेन्सिव्ह आहे, आयडब्ल्यूएमआय वाटतोय" आणि आपण शेजारी ग्लोव्हज घालून उभे, डोक्यात शिरलेलं एवढंच की पेशंट पुरुष आहे. माझंही असंच झालं होतं. मी घरी जाऊन मेडिकल डिक्शनरी पहिल्या पानापासून पाठ करायला घेतली आणि 'ॲब्डोमेन' ओलांडून दोन पानं गेल्यावर झोपलो. तसलं काही करू नका.

आधी शब्द फोडायला शिका

शाळेत उपसर्ग-प्रत्यय शिकलो होतो ना, तेच आहे हे. बहुतेक टर्म्स ग्रीक-लॅटिनमधून आल्यात, आणि ग्रीक आणि संस्कृत लांबच्या बहिणी असल्यामुळे आपल्याला हे खरं तर सोपं जायला पाहिजे पण कुणी सांगतच नाही. आपला 'अ' बघा, शुद्ध-अशुद्ध, आणि पुढे स्वर आला की 'अन्', जसं आदर-अनादर. ग्रीकमध्ये डिट्टो. ॲप्निया म्हणजे श्वास नाही, ॲन्युरिया म्हणजे लघवी नाही, ॲनिमिया म्हणजे शब्दशः रक्त नाही (खरं तर कमी). 'डिस' म्हणजे आपला दुर्-दुस्, दुर्गंधी आणि दुष्काळवाला, म्हणून डिस्प्निया म्हणजे श्वास घ्यायला त्रास, डिस्युरिया म्हणजे लघवीला त्रास. हाडासाठी 'ऑस्टिओ', तो आपल्या अस्थीचाच भाऊ.

आणि सगळ्यात गोंधळाचे दोन, हायपर आणि हायपो. हायपर म्हणजे संस्कृतातला उपरि, ज्याचा मराठीत 'वर' झाला. हायपो म्हणजे उप, खालचा, उपनगराध्यक्षातला. एवढंच लक्षात ठेवा, पर म्हणजे वर. हायपर असेल तर आकडा वर गेलाय, हायपो असेल तर खाली.

टॅकी म्हणजे भराभर, ब्रॅडी म्हणजे हळू. मोठ्या माणसाची नाडी साधारण ६० ते १००, त्याच्या वर टॅकीकार्डिया, खाली ब्रॅडीकार्डिया. श्वास मिनिटाला १२ ते २०, वर गेला की टॅकीप्निया. शेपटाला 'आयटिस' असेल तर सूज (बऱ्याचदा इन्फेक्शनमुळे), 'ईमिया' असेल तर रक्तातली गोष्ट, 'युरिया' असेल तर लघवीतली, 'प्लेजिया' म्हणजे ताकद पूर्ण गेली, 'पॅरेसिस' म्हणजे कमी झाली. हेमी म्हणजे अर्धा, तर हेमिप्लेजिया म्हणजे एका बाजूचा लकवा. मधले तुकडे हळूहळू येतात, कार्डिओ हृदय, हेपॅट लिव्हर, नेफ्रो किडनी, गॅस्ट्रो जठर. असे पंचवीस-तीस तुकडे आले की शेकडो शब्द तुम्ही न वाचताच ओळखाल.

पण एक धोका सांगतो. चालत्या ॲम्ब्युलन्समध्ये सायरन चालू असताना 'हायपोग्लायसेमिया' आणि 'हायपरग्लायसेमिया' कानाला एकच लागतं. मी नवीन असताना समोरच्यानं फोनवर हायपो सांगितलं, मी हायपर लिहिलं, आणि पेशंट आत गेल्यावर सिस्टरनं परत शुगर केली म्हणून वाचलो, ४२ होती! म्हणजे जिथं ताबडतोब डेक्स्ट्रोज (शिरेतून साखर) पाहिजे तिथं माझ्या कागदावर उलटं लिहिलेलं. तेव्हापासून मी टर्म सांगतच नाही, आकडा सांगतो. "शुगर बेचाळीस, चार दोन." ज्या शब्दात चूक होऊ शकते तिथं नंबर बोला, आणि समोरच्याकडून परत म्हणवून घ्या.

आता उलटी बाजू, पेशंटचं मराठी

टर्म्स पुस्तकात मिळतात, हे मात्र कुठं मिळत नाही, आणि माझ्या मते खरी अडचण इथंच आहे. पेशंट तुम्हाला कधीच म्हणणार नाही की मला व्हर्टिगो होतोय. तो म्हणणार "चक्कर येतीय". आणि चक्कर या एका शब्दात तीन वेगळे आजार बसलेत. घर गरगर फिरतंय, उलटी येतीय, तर तो व्हर्टिगो. डोळ्यापुढे अंधारी आली, पडतो की काय असं वाटलं पण पडला नाही, तर प्री-सिंकोप. भोवळ येऊन खाली पडला, शुद्ध हरपली आणि थोड्या वेळात आपोआप उठून बसला, तर सिंकोप. मी सरळ विचारतो, "काका, घर फिरत होतं की अंधारी आली? पडलात का? पडलेलं आठवतंय का?" तीन प्रश्न, अर्ध्या मिनिटाचं काम. हे न विचारता नुसतं 'गिडीनेस' लिहिलं तर पुढच्या डॉक्टरला काहीच कळत नाही.

"दम लागतोय" पण तसंच. चालल्यावर लागतो का बसल्याबसल्या? आडवं झालं की वाढतो आणि उठून बसलं की बरं वाटतं, त्याला ऑर्थोप्निया म्हणतात, विचारायचं कसं तर "रात्री किती उशा घेता?"

"लघवी होत नाही" याचे दोन अर्थ. तुंबलीय, ओटीपोट फुगलंय, पेशंट कळवळतोय, ते रिटेन्शन, कॅथेटर (लघवीची नळी) टाकला की माणूस आशीर्वाद देतो. आणि लघवी तयारच होत नाहीये, ते ॲन्युरिया, किडनीचा विषय.

"त्यांना बीपी आहे" म्हणजे हायपरटेन्शन, "शुगर आहे" म्हणजे डायबेटिस, हे कळतंच. "परसाकडं काळी होतीय" ऐकलं की रंग नीट विचारा, डांबरासारखी काळी चिकट आणि घाण वास असेल तर मेलेना, म्हणजे वरच्या आतड्यात किंवा जठरात रक्तस्राव (लोहाच्या गोळ्यांनी पण काळी होते, तेही विचारा). "अंगावरून जास्त जातंय" म्हणजे योनीमार्गे रक्तस्राव. तरुण बाई, पोटात कळ, पाळी चुकलेली आणि भोवळ आली, हे तीन एकत्र दिसले तर एक्टोपिक हा शब्द डोक्यात आलाच पाहिजे, म्हणजे गर्भ नळीत वाढतोय आणि फुटला असेल तर आत रक्त साचतंय.

आणि ग्रामीण भागात असाल तर हे कोरून ठेवा. "त्यानं औषध घेतलं" याचा अर्थ गोळी खाल्ली असा नसतो. फवारणीचं औषध प्यायलाय! आमच्या बॅचमधल्या एका शहरी पोरानं नातेवाईकाला विचारलं होतं, "कोणतं औषध, किती एमजीची गोळी?" आणि तो माणूस बघतच राहिला. याला आपल्याकडं ओपी पॉयझनिंग म्हणतात, ऑर्गॅनोफॉस्फरस. तोंडातून लाळ, घाम, डोळ्यातून पाणी, कपड्याला उग्र वास, आणि बाहुल्या टाचणीच्या टोकाएवढ्या, म्हणजे मायोसिस. नाडी बऱ्याचदा ब्रॅडी. ॲट्रोपिनचं इंजेक्शन लागतं ते यासाठीच. प्यायलाच पाहिजे असंही नाही, २०१७ मध्ये यवतमाळला कापसावर फवारणी करताना शेतकरी-शेतमजुरांना विषबाधा झाली, कित्येक जण दगावले. विष कातडीतून आणि श्वासातूनही जातं, म्हणून ग्लोव्हज घाला आणि भिजलेले कपडे आधी काढा.

साप चावला असेल तर दोन शब्द पाहिजेत. न्यूरोटॉक्सिक म्हणजे नाग आणि मण्यार, पापण्या जड होऊन मिटायला लागतात, त्याला टोसिस म्हणतात, मग गिळता येत नाही, शेवटी श्वास. हिमोटॉक्सिक म्हणजे घोणस आणि फुरसं, रक्त गोठत नाही, हिरड्यातून येतं, लघवीतून येतं, ते हिमॅच्युरिया. वीस मिनिटांची टेस्ट ऐकाल ती हीच, कोरड्या स्वच्छ काचेच्या नळीत २ मिली रक्त घेऊन २० मिनिटं न हलवता ठेवायचं आणि मग तिरकं करून बघायचं गोठलं का. मण्यारचा दंश अनेकदा दिसतच नाही, जमिनीवर झोपलेला माणूस पहाटे पोट दुखतंय म्हणून उठतो, आणि लोक ॲसिडिटी समजतात. विंचवाचं वेगळं आहे, महाडच्या डॉ. हिम्मतराव बावस्करांनी कोकणात प्राझोसिन ही बीपीची गोळी वापरून दाखवलं, त्यामुळे चार्टवर विंचूदंशासमोर बीपीची गोळी दिसली तर गोंधळू नका.

अटॅक आणि अरेस्ट एक नाही

पेपरात, टीव्हीवर सगळीकडे हे मिसळतात आणि मला फार चीड येते. हार्ट अटॅक म्हणजे एमआय, हृदयाची रक्तवाहिनी बंद झाली, माणूस बहुतेक वेळा शुद्धीवर असतो, बोलतो, घामाघूम होतो, "गॅस झालाय" म्हणतो. कार्डिॲक अरेस्ट म्हणजे पंपच थांबला, माणूस बेशुद्ध, श्वास नाही किंवा नुसते आचके, नाडी नाही. अटॅकमधून अरेस्ट होऊ शकतो, पण अटॅकवाल्या बोलत्या माणसाला छाती दाबत नाहीत, आणि अरेस्टवाल्याला ईसीजी काढत बसत नाहीत, सीपीआर सुरू करतात, म्हणजे छाती दाबतात, मिनिटाला १०० ते १२० वेळा. फोनवर चुकीचा शब्द गेला तर तिकडची तयारी चुकते.

शॉर्टफॉर्म, भराभर

सीओ म्हणजे तक्रार काय. केसीओ म्हणजे आधीपासून माहीत असलेला आजार. आरटीए गाडीचा अपघात. एमएलसी म्हणजे पोलिसात कळवायची केस, यात उगाच शहाणपणा करू नका, जे दिसलं तेवढंच लिहा. एनबीएम म्हणजे तोंडाने काही नाही, पाणी पण नाही, नातेवाईक चहा पाजतात त्यांना आधीच सांगा. लामा म्हणजे डॉक्टरांचा सल्ला डावलून पेशंट घेऊन गेले (मी पहिल्यांदा ऐकलं तेव्हा वाटलं कुणी तिबेटी पेशंट आला होता). ओडी मात्र जपून, प्रिस्क्रिप्शनवर ते दिवसातून एकदा, कॅज्युअल्टीत ओव्हरडोस, आणि डोळ्याच्या कागदावर उजवा डोळा. पीआर पण तसंच, पल्स रेट का गुदद्वारातून तपासणी, पूर्ण लिहा. आणि डावं-उजवं नेहमी पेशंटचं, तुमचं नाही.

जीसीएस म्हणजे ग्लासगो कोमा स्केल, पेशंट किती शुद्धीवर आहे ते मोजायचं माप, १९७४ चं, टीसडेल आणि जेनेट यांचं. डोळे (ई) ४, बोलणं (व्ही) ५, हालचाल (एम) ६, एकूण १५. सगळ्यात कमी ३, शून्य कधीच नाही, त्यामुळे 'जीसीएस शून्य' लिहिलंत की सिनियर हसणार. नुसती बेरीज सांगू नका, ई २ व्ही ३ एम ५ असं सुटं सांगा. ८ किंवा खाली गेला तर श्वासनलिकेची काळजी आधी.

आता सुरुवातीचा तो फोन परत वाचा. अठ्ठावन्न वर्षांचे गृहस्थ, डायबेटिस आणि बीपी आधीपासून, तासाभरापासून छातीत दुखतंय आणि घाम, नाडी हळू, बीपी खाली, हृदयाच्या खालच्या भिंतीचा अटॅक असावा. आणि तेवढ्यात त्यांचा मुलगा खिशातून सॉर्बिट्रेट काढून म्हणतो, "जिभेखाली ठेवू का, बाबांना डॉक्टरांनी दिलीय?" ती गोळी रक्तवाहिन्या सैल करते, म्हणजे बीपी अजून पाडते. 'हायपोटेन्सिव्ह' हा शब्द कळला असेल तर तुम्ही त्याचा हात धरून म्हणाल, थांब, आधी डॉक्टरांना विचारतो.