तोट्यातला कळप सावरताना आधी रिकाम्या गाई शोधा

तोट्यात चाललेला गोपालनाचा व्यवसाय सावरताना खर्चाला सरसकट कात्री लावण्याआधी प्रत्येक गाय वर्षाकाठी एक वासरू देते का, हे नोंदवहीत पाहावे. गाभणकाळ सुमारे 283 दिवसांचा असल्यामुळे वर्षाला एक वेत साधायचे, तर व्यायल्यानंतर साधारण 82 दिवसांच्या आत गाय पुन्हा गाभण राहावी लागते. बरगड्या उठून दिसणारी रोड गाय सहसा वेळेवर माजावर येत नाही, म्हणून तिचा खुराक व्यायच्या आधीच सुधारावा. चाराटंचाईच्या तोंडावर पशुवैद्यकाकडून गर्भतपासणी करून घ्यावी आणि रिकाम्या निघालेल्या गाई (त्यांत एखादी लाडकी असली तरी) विकतचा चारा त्यांच्यापुढे पडण्याआधीच कळपातून कमी कराव्यात. मात्र बऱ्याच गाई एकदम रिकाम्या निघाल्या, तर आधी वळू तपासावा.