पुण्यात एज्युकेशन सेल्सची नोकरी शोधताय? मग या चुका टाळा

लातूर, बीड, जळगावकडून पुण्यात येणारी कितीतरी मुलं पहिल्यांदा याच लाइनला लागतात. कुणी कॉलेजच्या अ‍ॅडमिशन टीममध्ये, कुणी क्लासच्या काउन्सेलिंग डेस्कला, कुणी एडटेक कंपनीत (ऑनलाइन कोर्स विकणारी कंपनी) बीडीए, म्हणजे फोनवर कोर्स विकणारा बिझनेस डेव्हलपमेंट असोसिएट म्हणून. लाइन वाईट नाहीये, बोलता येत असेल आणि समोरच्याचं ऐकून घेता येत असेल तर डिग्री कुठली हे फारसं कोणी विचारत नाही. पण सुरुवातीलाच काही गोष्टी चुकतात आणि मग सहा महिन्यांत मुलं गावी परत जातात, म्हणून हे लिहितोय.

पहिली चूक पॅकेजची. जाहिरातीत 6 लाख लिहिलेलं असतं, त्यात 3 लाख फिक्स आणि 3 लाख व्हेरिएबल, म्हणजे टार्गेट झालं तरच मिळणारा इन्सेंटिव्ह. आता हिशोब करा. फिक्सचे महिन्याला 25,000, त्यातून कंपनीच्या वाट्याचा पीएफ 1,800 गेला (तोही बहुतेकदा पॅकेजमध्येच धरलेला असतो), तुमच्या वाट्याचा 1,800 गेला (15,000 च्या मर्यादेवर 12 टक्के धरलाय), प्रोफेशनल टॅक्स 200, म्हणजे हातात 21,200. घरभाडं, मेस, पेट्रोल सगळं याच 21,200 वर बसवायचं, इन्सेंटिव्ह आला तर तो वरचा. आणि एचआरला सरळ विचारा की इन्सेंटिव्ह कधी मिळतो, किती टार्गेट झाल्यावर सुरू होतो, आणि विद्यार्थ्याने रिफंड घेतला तर दिलेला इन्सेंटिव्ह परत कापतात का. हे ऑफर लेटरवर किंवा निदान मेलवर लेखी घ्या, तोंडी सांगितलेलं तीन महिन्यांनी कुणाला आठवत नाही. जॉइनिंगसाठी पैसे मागितले किंवा मूळ मार्कशीट जमा करायला सांगितली तर तिथूनच परत फिरा.

पण माझ्या मते सगळ्यात महागात पडणारी चूक वेगळीच आहे, ती म्हणजे आपण काय विकणार हे न तपासता जॉइन होणं. पालक जसं तपासतील तसं आधी तुम्ही तपासा. ऑनलाइन डिग्री असेल तर युनिव्हर्सिटी यूजीसीच्या डीईबी (दूरस्थ शिक्षण विभाग) यादीत आहे का, आणि तोच कोर्स त्याच वर्षासाठी आहे का ते बघा. इंजिनिअरिंग, मॅनेजमेंट असेल तर एआयसीटीई, म्हणजे तंत्रशिक्षण परिषदेची मान्यता बघा. ‘ऑनलाइन पीएचडी’ कोणी विकायला सांगत असेल तर सरळ नाही म्हणा, एडटेक कंपन्यांमार्फत दिल्या जाणाऱ्या अशा पीएचडीला मान्यता नाही हे यूजीसी आणि एआयसीटीईने ऑक्टोबर 2022 मध्येच जाहीर केलंय. क्लास असेल तर केंद्राच्या जानेवारी 2024 च्या मार्गदर्शक सूचना वाचा, 16 वर्षांखालच्या मुलांना प्रवेश द्यायचा नाही आणि मधेच सोडलं तर उरलेल्या काळाची फी 10 दिवसांत परत, असं त्यात आहे. नोव्हेंबर 2024 मध्ये ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने कोचिंगच्या जाहिरातींतल्या निवडीच्या आणि नोकरीच्या खोट्या हमीवरही बोट ठेवलंय. एवढं असूनही टीम लीडर ‘शंभर टक्के प्लेसमेंट बोल’ म्हणाला तर तो फोन तुमच्या आवाजात रेकॉर्ड होतोय हे लक्षात ठेवा. आणि समोरचा बाप कदाचित ऊस बिलाच्या पैशातून फी भरणार असतो, त्याला शून्य टक्के ईएमआय सांगताना ते कर्ज आहे, त्याच्या नावावर एनबीएफसीचं (बँक नसलेल्या फायनान्स कंपनीचं) कर्ज, हे स्पष्ट सांगायलाच हवं.

नुसतं मोठं नाव बघूनही जाऊ नका. बायजूज हे देशातलं सगळ्यात मोठं एडटेक नाव होतं, ऑक्टोबर 2022 मध्ये त्यांनी सुमारे 2,500 लोक कमी करणार म्हणून जाहीर केलं आणि जुलै 2024 मध्ये कंपनी दिवाळखोरी प्रक्रियेत गेली. त्यापेक्षा तिथे आत्ता काम करणाऱ्या दोघातिघांना लिंक्डइनवर विचारा की पगार वेळेवर होतो का.

महिना संपत आला आणि एकही अ‍ॅडमिशन नाही, तर काय? बहुतेक जण फक्त कॉल वाढवतात. आधी सीआरएममध्ये (कॉल आणि चौकशांची नोंद ठेवणारं सॉफ्टवेअर) बघा गळती कुठे आहे. फोनच उचलत नसतील तर वेळ बदला, नोकरी करणारे पालक संध्याकाळी सातनंतर निवांत असतात. डेमो होतो पण पुढे काही नाही, तर घरात निर्णय कोण घेतं हे तुम्ही विचारलेलं नाही, मुलगी तयार असते आणि फी भरणाऱ्या काकांशी कोणी बोललेलंच नसतं. फीवर येऊन अडत असेल तर स्वस्त पर्याय स्वतःहून सांगा, तो माणूस पुढच्या वर्षी भाचीला घेऊन येतो.

सीझनचं पण गणित आहे. बारावीचा निकाल, सीईटीचा निकाल, कॅप राउंड (केंद्रीय प्रवेश फेऱ्या) हे सगळं साधारण मे ते सप्टेंबरमध्ये येतं, त्यामुळे मार्च-एप्रिलमध्ये लागलात तर शिकून तयार होता, सप्टेंबरनंतर लागलात तर थंड लीडवर (आता फारसा रस नसलेल्या चौकशांवर) टार्गेट मारत बसावं लागतं.

राहायची जागा ऑफिस पक्कं झाल्यावरच घ्या. सदाशिव पेठेत कॉट घेतली आणि नोकरी हिंजवडीला लागली तर रोजच्या ट्रॅफिकमध्येच जीव जातो. मेट्रोच्या जवळ बघा, वनाझ ते रामवाडी किंवा पिंपरी ते स्वारगेट.

दर तीन महिन्यांनी पाचशे-हजारासाठी उड्या मारू नका. एक पूर्ण अ‍ॅडमिशन सीझन एका जागी काढला की टीम लीड, परदेशी शिक्षणाचं काउन्सेलिंग, शाळांना पुस्तकं आणि डिजिटल क्लासरूम विकणं, कॉलेज टाय-अप अशी दारं उघडतात. आणि सोडताना लीडची एक्सेल सोबत नेऊ नका, तो लोकांचा खाजगी डेटा आहे. न्यायचंच असेल तर महिन्याला किती लीड, किती डेमो, किती अ‍ॅडमिशन, किती रिफंड एवढे स्वतःचे आकडे वहीत ठेवा, पुढच्या मुलाखतीत तेच विचारतात.